माझ्या पगारपत्रकातली ‘पी. टी.’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात घरपट्टी भरायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे तीन माणसं सोडून एक तिशीतला मुलगा होता. हातातलं बिल उलटंपालटं करत तो मोठ्यानं म्हणाला, “सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर... एवढं भरून आपल्याला मिळतं काय?” रांगेतल्या चार-सहा जणांनी माना डोलावल्या. एक बाई म्हणाल्या, “आपण भरायचं आणि दुसऱ्यांनी फुकट खायचं.” माझा नंबर आला, पैसे भरले, पावती खिशात घातली आणि बाहेर पडलो. त्या मुलाशी बोलायला हवं होतं, पण जे सांगायचं होतं ते रांगेत उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण आईचा भाग तेवढा ठेवावा ही विनंती.

मी टर्नर. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात १९८३ ते २०१९ अशी ३६ वर्षं लेथवर काढली. मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्यात. माणदेशातला माणूस म्हटला की त्याला पहिल्यांदा पाऊस विचारतात, कारण तिकडे तो नसतोच. १९७२ साली मी ११ वर्षांचा होतो. त्याआधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती, पण त्या वर्षी गावची विहीर इतकी आटली की पोहऱ्यात पाण्याऐवजी गाळ यायला लागला. वडील बैलं घेऊन छावणीत गेले. आई दुष्काळी कामावर गेली आणि तिच्यामागं मी आणि धाकटा भाऊ.

काम होतं खडी फोडायचं. सकाळी उजाडायच्या आत निघायचं, भाकरी कधी असायची, कधी नसायची. बाया ओळीनं बसायच्या, पुढ्यात मोठा दगड, हातात हातोडी. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे कापून बोटांना बांधलेले, तरी संध्याकाळी बोटं रक्ताळलेलीच. फोडलेल्या खडीचा ढीग लावायचा, मग कारकून येऊन फूटपट्टीनं मापायचा आणि त्यावर मजुरी. दुपारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, मिळायची. आमच्या पिढीच्या माणसाला सुकडी म्हटलं की तिचा गोडसर वास अजून येतो. मी माझ्या वाटची अर्धी खायचो आणि अर्धी चड्डीच्या खिशात भरून ठेवायचो. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची, आई ती पाण्याच्या हातानं सांधत बसायची.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हा आकडा मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचला आणि वाचून गप्प बसलो. त्या वेळी मला वाटायचं, आमच्याच गावावर हे आलंय. आमच्या घरातलं एकही माणूस त्या वर्षी उपासमारीनं गेलं नाही. गुरं गेली, म्हातारी आजी आजारानं गेली, पण भुकेनं कुणी गेलं नाही.

पाऊस झाला, तरी आईचं कामावर जाणं थांबलं नाही. कोरडवाहू चार एकरात वर्षाचं धान्य निघत नव्हतं. पुढे दहा-बारा वर्षं दर उन्हाळ्यात ती रोजगार हमीच्या कामावर जात होती. नालाबंडिंगवर, रस्त्यावर, आणि सगळ्यात जास्त गावाच्या वरच्या अंगाला झालेल्या पाझर तलावावर, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या तलावावर. दिवसभर माती वाहायची, घमेल्यानं डोक्याचे केस झिजले होते तिचे. त्या पैशातून मी आटपाडीला हायस्कूलला गेलो. फी ईबीसीच्या, म्हणजे गरीब घरातल्या मुलांसाठीच्या, सवलतीत माफ होती, पुस्तकं शाळेच्या पुस्तकपेढीतून. मग आयटीआय. तिथं लेथवर हात बसला आणि १९८३ साली मला कारखान्यात घेतलं.

पहिला पूर्ण पगार झाला त्या दिवशी पाकिटासोबत पगारपत्रक मिळालं. पी. एफ. समजलं. ई. एस. आय. समजलं. त्याखाली ‘पी. टी.’ म्हणून थोडे पैसे कापलेले होते, ते काही समजेना. आमचे टाइमकीपर वयस्कर गृहस्थ होते, कागदपत्रात मुरलेले. त्यांना जाऊन विचारलं, “साहेब, हे पी. टी. काय?” ते म्हणाले, “प्रोफेशन टॅक्स. व्यवसाय कर. रोजगार हमीला जातो तो.”

मी पगारपत्रक हातात धरून तसाच उभा राहिलो. त्यांना वाटलं, पैसे कापले म्हणून मला राग आला. ते समजावायला लागले, “अरे, सगळ्यांचाच कापतात. मुंबई-पुण्याच्या साहेब लोकांचापण कापतात.” मी म्हणालो, “साहेब, माझी आई आत्ता रोजगार हमीवर आहे.”

त्या शनिवारी गावी गेलो. आई चुलीपुढं बसली होती. तिला सांगितलं, “आये, तुझ्या कामाचं पैसं माझ्या पगारातनं कापत्यात.” तिला आधी पटेना. सरकार देतंय म्हणाली. मी म्हटलं, “सरकार आमच्याकडनं घेऊन देतंय.” मग तिनं बराच वेळ काही विचारलं नाही. भाकरी उलथली, तव्यावरची काढून आराला लावली, आणि म्हणाली, “मग तुज्या त्या सायबाला इचार. मस्टर लिवणारा एक दिवस खाडा धरतुय आमचा, म्हणावं. तुमचं पैसं हाईत, ध्यान ठेवा.”

संपादक महाशय, कराबद्दल याच्यापेक्षा शहाणं बोलणं मी आजवर कुठं ऐकलेलं नाही. तिनं मला आशीर्वाद दिला नाही, उपकारही मानले नाहीत. पैसा कुठून येतो हे कळल्याबरोबर तिनं तो नीट पोचतो का याची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी तेव्हा २२ वर्षांचा होतो, काय करणार? पण तिचं वाक्य डोक्यात राहिलं. पुढे सुट्टीत गावी गेलो की मी मुद्दाम कामावर जायचो, मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघायला मागायचो. पहिल्यांदा हाकलून दिलं. दुसऱ्यांदा दाखवलं. खाडा, म्हणजे गैरहजेरी, खरोखरच लावलेला होता, आईचाच नव्हे, ओळीतल्या नऊ बायांचा. तहसीलला अर्ज दिला. तीन महिन्यांनी पैसे मिळाले, आणि तो माणूस दुसरीकडं गेला. एवढंच झालं, पण झालं.

नंतर मी या कराच्या मागं लागलो आणि जमेल तसं वाचत गेलो. बहात्तरच्या कामांना पैसा सरकारच्या तिजोरीतून आला. पण दुष्काळ सरला तरी काम मागणाऱ्याला काम द्यायचंच, अशी हमी कायमची करायची तर पैसाही कायमचा लागणार. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारनं घालायची. बागायती जमिनीवरही उपकर बसवला, म्हणजे पाण्याखालच्या शेतकऱ्यानं कोरडवाहूवाल्यासाठी काही द्यायचं. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बाईला आणि बाप्याला एकाच मापानं मजुरी, कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर, असं सगळं त्यात होतं. प्रत्यक्षात पाळणाघर म्हणजे बाभळीला बांधलेली झोळी असायची, हेही मी पाहिलंय. पण काम मागणं हा हक्क आहे असं कागदावर लिहिणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पुढे २००५ साली दिल्लीत देशभरासाठी कायदा झाला तेव्हा त्यांच्यापुढं आपलाच अनुभव होता.

या योजनेचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते, आणि मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्यांनी आधी विसापुरातच हे करून पाहिलं होतं. विसापूर आमच्या गावाहून काही फार लांब नाही. आज सांगलीत भर चौकात दहा जणांना पागे कोण म्हणून विचारलं तर दोघांना तरी सांगता येईल का, शंका आहे. मला याचं वाईट वाटतं.

आता कराच्या रकमेबद्दल. राज्यघटनेनंच या कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ साली २,५०० झाली, ती आजही तेवढीच आहे. आजच्या पगारदाराचे महिन्याला २०० रुपये जातात आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीत जास्त का, असं आमच्या कारखान्यातली नवी पोरं दरवर्षी चिडून विचारायची. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० भरतात, एवढं साधं ते गणित. मी दरवर्षी ते फळ्यावर खडूनं मांडून दाखवायचो आणि खाली लिहायचो, ‘रोजगार हमी’.

रांगेतल्या त्या बाई म्हणाल्या, “दुसऱ्यांनी फुकट खायचं.” त्यांना राग यावा असं काही मला लिहायचं नाही. पण माझी आई ‘दुसऱ्यां’मधली होती. आणि तीही कर भरत होती. तिनं कधी उत्पन्नाचा दाखलासुद्धा काढला नव्हता, पण रोज सकाळी चूल पेटवताना ती जी काडी ओढायची त्या काडेपेटीवर एक्साइज होता. साखरेवर होता. आम्ही दरसाल शेतसारा भरत होतो, पीक येवो न येवो. आज तिच्या वयाची बाई साबणाची वडी घेते, मोबाइलला रिचार्ज मारते, त्यावर जीएसटी देते. इन्कम टॅक्सचा फॉर्म भरणारा तेवढा करदाता, आणि बाकीचे सगळे त्याच्या जिवावर जगणारे, हा समज शहरात फार घट्ट बसलाय. दुकानातल्या कुठल्याही पावतीचा तळ पाहिला तर तो सुटेल.

आईनं माती टाकलेला तो पाझर तलाव अजून आहे. त्याच्या खालच्या अंगाला सात-आठ विहिरी आहेत. त्यातली एक माझ्या भावाची. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. पूर्वी हमीचं काम म्हणजे सरकारी जागेवरचं काम, आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात खड्डे काढायचे, रोपं लावायची आणि त्याची मजुरी योजनेतून. भावानं एक एकर डाळिंब लावलं. ज्या माणदेशात कुसळाशिवाय काही उगवत नाही म्हणायचे तिथं डाळिंब आलं. आज आटपाडीचं डाळिंब कुठं कुठं जातं ते मला वेगळं सांगायला नको. भावाची दोन्ही मुलं आता प्राप्तिकर भरतात.

टेंभूचं पाणी ही पुढची गोष्ट. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळापर्यंत आणायचं. हे आपोआप झालं नाही. १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषद घेतली, तेव्हापासून दरवर्षी माणसं जमत राहिली, मोर्चे निघत राहिले. कारखान्याला सुटी असली की मलाही जाता यायचं, मी दोन-तीनदा गेलोय. पाणी एवढं चढवायचं म्हणजे पंपाचं वीजबिल प्रचंड. ते शेतकऱ्याला झेपणारं नव्हतं, तेव्हा बिलाचा ८१ टक्के भार सरकारनं घ्यायचा आणि १९ टक्के पाणीपट्टीतून, असं ठरलं. म्हणजे आता पुन्हा कुणाच्या तरी खिशातून आमच्या भावाच्या डाळिंबाला पाणी मिळतंय. मुंबईत लोकलला लोंबकळत जाणारा कारकून असेल, नागपूरचा रिक्षावाला असेल, डिझेल भरताना पैसे देणारा. त्याला आमचं गाव कुठं आहे हे माहीत नाही. मला त्याचं नाव माहीत नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात याच भावाला बागेत घोणस चावली. रात्रीचे आठ वाजले होते. पोरांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं सर्पविषाची लस होती. डॉक्टर तरुण होते, बंधपत्रावर आलेले असावेत. त्यांनी सलाइनमधून लस सुरू केली आणि १०८ ला फोन लावला. रात्री मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्याला आणलं, मी दारातच उभा होतो. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही, किडनीवर जातं. १७ दिवस तो तिथं होता, त्यात चारदा डायलिसिस झालं. डिस्चार्जच्या दिवशी मी पैसे बांधून गेलो होतो. केसपेपरचे आणि बाहेरून आणलेल्या दोन औषधांचे सोडले तर काही द्यावं लागलं नाही.

नंतर मी त्या लसीबद्दल वाचलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोडं थोडं, महिनोन्‌महिने घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याला तोंड देणारी द्रव्यं तयार होतात, ती काढून शुद्ध करून बाटलीत भरतात. साप धरणारे, घोडे पाळणारे, लस तयार करणारे, ती गारव्यात ठेवून तालुक्यापर्यंत पोचवणारे. एका पावसाळ्यात आपल्या तालुक्यात किती जणांना साप चावणार हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी आधीच बाटल्या आणून ठेवायच्या. न वापरलेल्या मुदत संपल्यावर फेकाव्या लागल्या तरी चालतील, पण असल्या पाहिजेत. अशा ठेवणीतल्या वस्तूला बाजारात गिऱ्हाईक नसतं. त्या रात्री त्या बाटल्या आटपाडीच्या फ्रीजमध्ये होत्या, म्हणून मला भाऊ आहे.

आणि २०१९ चा महापूर. सांगलीकराला त्याचं वर्णन सांगायची गरज नाही. माझी बहीण गावठाणालगत खालच्या भागात राहते. ऑगस्टचे ते दिवस आम्ही एकमेकांना एकच विचारत होतो, “आयर्विनला किती फूट?” १९२९ चा कृष्णेवरचा हा आयर्विन पूल म्हणजे आमच्या शहराची नाडी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ चा पूर मागं पडला. दर तासाला मोबाइलवर आकडा यायचा. कोयना धरणातून इतका विसर्ग, त्याच्या पाणलोटातल्या नवजाला इतका पाऊस, महाबळेश्वरला इतका. आकडा वाचून आम्ही बहिणीचं धान्याचं पिंप माळ्यावर चढवायचं की घर सोडायचं ते ठरवत होतो. तिनं वेळेत घर सोडलं. महापालिकेच्या शाळेत नऊ दिवस राहिली. घरात नंतर छातीइतकं पाणी होतं.

तेव्हा नाही, पण पुढे कधीतरी मनात आलं की हे आकडे वाचतंय कोण? मध्यरात्री, धो धो पावसात, पुलाच्या खांबावरची मोजपट्टी बॅटरीच्या उजेडात कुणीतरी पाहत असणार. नवजाला जंगलात पर्जन्यमापकातलं पाणी मोजून कुणीतरी वहीत लिहीत असणार, आणि तेही पूर नसताना, रोज सकाळी, वर्षानुवर्षं. वर्तमानपत्रात रोज कोपऱ्यात छापून येणारे ते तीन आकडे आपण नजर न टाकता उलटतो. या माणसाचा पगार माझ्या करातून जातो आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

पाणी ओसरल्यावर घराघरात गुडघाभर गाळ. मेलेली जनावरं, कुजलेलं धान्य, वास असा की उभं राहवेना. आपले सफाई कामगार होतेच, दुसऱ्या महापालिकांचेही आले होते. बहिणीच्या गल्लीत आलेली तुकडी सकाळी सहाला यायची. त्यातल्या काहींची स्वतःची घरंही पुरात गेली होती, आणि तरी ते दुसऱ्याच्या दारातला गाळ उपसत होते. बहिणीनं एकाला चहा विचारला तर म्हणाला, “ताई, हात असे आहेत, कप कसा धरू?” तिनं कप त्याच्या तोंडाला लावला. महावितरणचे वायरमन खांबावर चढून एकेक फ्यूज, एकेक मीटर तपासत होते, कारण ओल्या भिंतीत वीज सोडली तर माणूस मरतो. पाचव्या दिवशी दिवे लागले.

रोजचं तर किती सांगावं. सकाळी साडेसहाला येणारी घंटागाडी, कृष्णेचं पाणी गाळून, औषध टाकून माझ्या नळाला आणणारी यंत्रणा, आणि चावी फिरवून आमच्या भागाला पाणी सोडणारा तो माणूस, ज्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला की आम्ही फोन करतो. सौ. आता तिच्या माहेरी एसटीनं अर्ध्या तिकिटात जाते. २०२३ च्या मार्चपासून बायकांना ती सवलत मिळाली, तेव्हापासून वर्षातून दोनदा जाणारी ती सहा-सात वेळा जाते. तिच्या आईची शेवटची दोन वर्षं त्यामुळं तिला मिळाली. नातीला अंगणवाडीत सगळे डोस झाले. आमच्या वर्गात पोलिओनं पाय गेलेला मुलगा होता. माझ्या नातीच्या वर्गात असा एकही नाही. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पोलिओ रविवारी उन्हात बूथवर बसलेल्या आशाताई आणि सिस्टर मला आठवतात.

सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. तीन वर्षांपूर्वी रात्री दुचाकीवरून परतताना रस्त्यातल्या खड्ड्यात आम्ही दोघं पडलो. सौ.चं मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली. ज्यांच्या ताब्यात तो रस्ता होता त्यांना मी पाच पत्रं लिहिली, फोटो जोडले. पहिल्या चारांना उत्तर नाही. पाचवं लिहिताना मी आईचंच वाक्य लिहिलं, माझ्या भाषेत: हा पैसा आमचा आहे, लक्ष ठेवणं आमचं काम आहे. खड्डा बुजवला. ठेकेदाराकडून वसूल काय झालं ते मी माहितीच्या अधिकारात विचारलंय, अजून विचारतोय. पण त्या खड्ड्यावरून मी ‘कर भरून काय मिळतं’ असं म्हणणार नाही. एवढा मोठा उलटा हिशोब मला करता येणार नाही. जो मिळालेलं मोजतो त्यालाच राहिलेलंही मागता येतं. काहीच मिळत नाही म्हणणारा माणूस शेवटी काही मागायचंही सोडून देतो, हे मी कारखान्यात, गल्लीत, सगळीकडं पाहिलंय.

माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या वर्तमानपत्रातून त्या पोचाव्यात.

पहिली अशी की पगारपत्रकावर ‘पी. टी.’ ही दोन अक्षरं लिहितात तिथं ‘व्यवसाय कर (रोजगार हमी)’ असं मराठीत पूर्ण छापावं. याला खर्च काही नाही. आज लाखो पगारदारांना ते २०० रुपये कशाचे हे माहीत नाही, विचारलं तर ‘काहीतरी कटिंग असतं’ म्हणतात. मला टाइमकीपर भेटले म्हणून कळलं. सगळ्यांना तसे टाइमकीपर भेटत नाहीत, आणि आता तर पगारपत्रकही मोबाइलवर येतं.

दुसरी घरपट्टीबद्दल. बिलाच्या मागची बाजू कोरी असते. तिथं छापा की गेल्या वर्षी अग्निशमन करातून किती वेळा बंब बाहेर पडला, शिक्षण करातून काय झालं, वृक्ष करातून लावलेल्यांपैकी किती झाडं जगली. जगली नसतील तर तेही छापा. मग रांगेतला तो मुलगा बिल उलटंपालटं करेल तेव्हा त्याच्या हाती काही लागेल, आणि त्याला भांडायचं असेल तर आकड्यावर बोट ठेवून भांडता येईल.

आई २००९ साली गेली. तिच्या सामानात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात रोजगार हमीच्या कामाचं ओळखपत्र निघालं. पान पिवळं पडलंय, आतल्या हजेरीच्या खुणा मात्र दिसतात. ते मी लॅमिनेट करून ठेवलंय, माझ्या शेवटच्या पगारपत्रकाशेजारी.

यंदा मे महिन्यात नातीला घेऊन गावी जाणार आहे. पावसाळ्यात तलाव भरलेला असतो तेव्हा दिसत नाही, पण मेमध्ये पाणी खाली गेलं की भरावाच्या आतल्या अंगाचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, उघडं पडतं. डावीकडच्या सांडव्यापासूनचे पहिले शंभर-सव्वाशे फूट आईच्या टोळीनं केलेले आहेत. तिनंच मला ते दाखवलं होतं.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
कुपवाड, जि. सांगली